डॅशहाउंड : रंग आणि अंगावरची नक्षी

डॅशहाउंड ही मूळची जर्मनीतली, आखूड पायांची आणि लांब अंगाची शिकारी कुत्र्याची छोटी जात. जर्मन भाषेत ‘डाख्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढणे हे तिचे काम होते. जर्मनीत तिला ‘टेकेल’ किंवा ‘डाकेल’ म्हणतात. तिथली ‘डॉयचर टेकेलक्लब’ ही संस्था १८८८ पासूनची आहे. केसांवरून या जातीचे तीन प्रकार होतात : आखूड केसांचा, लांब केसांचा आणि राठ केसांचा. रंग मात्र डझनभराहून जास्त, आणि एका रंगावर दुसरी नक्षी चढू शकत असल्यामुळे प्रत्यक्षात दिसणारी रूपे त्याहून पुष्कळ अधिक.

मुंबई-पुण्याकडच्या घरांत दिसणारे डॅशहाउंड बहुतेक आखूड केसांचे, आणि तांबडे किंवा काळे-टॅन, म्हणजे काळ्या अंगावर ठरावीक जागी तांबूस-बदामी खुणा असलेले, असतात. चॉकलेट, डॅपल, क्रीम, ‘ब्लू’, ‘इझाबेला’ अशी पिले ‘दुर्मीळ रंग’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. यांपैकी काही रंग निर्धोक आहेत, काही कुत्र्याला आयुष्यभर त्रास देणारे आहेत. विकताना सांगितलेल्या नावावरून हा फरक कळत नाही, म्हणून नावामागचे रंगद्रव्य समजून घ्यावे लागते.

नाकापासून सुरुवात

कुत्र्याच्या केसात दोनच रंगद्रव्ये असतात. युमेलॅनिन हे काळे आणि फिओमेलॅनिन हे तांबडे-पिवळे. नाक, ओठांच्या कडा आणि पापण्यांच्या कडा यांत फक्त युमेलॅनिन असते. त्यामुळे केस कितीही फसवे असले तरी नाक सहसा खरे सांगते. नाक काळे असेल तर युमेलॅनिन जसेच्या तसे आहे. तपकिरी असेल तर कुत्रा चॉकलेट घराण्यातला आहे, मग अंग तांबडे का असेना. पाटीसारखे राखाडी नाक ‘ब्लू’चे, आणि फिकट, किंचित जांभळट तपकिरी नाक इझाबेलाचे. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे नाक गुलाबी असू शकते. रंग भरायला काही आठवडे लागतात, तोवर निष्कर्ष काढू नये.

तांबडा आणि काळा-टॅन

कोणते रंगद्रव्य अंगावर कुठे उमटायचे हे मुख्यतः अगूती म्हणजे एएसआयपी या जनुकावर ठरते. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून येते; प्रभावी प्रत दुसरीला झाकते. या जनुकाची तांबडी प्रत सर्वांत प्रभावी, तिच्याखाली रानडुकरी (प्रत्येक केसावर फिके-गडद पट्टे) आणि तिच्याखाली काळी-टॅन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या जनुकाची दोन वेगवेगळी नियंत्रक स्थाने दाखवली. एक पोटाकडच्या बाजूचा रंग ठरवते, दुसरे प्रत्येक केसावरचे पट्टे. तेव्हापासून प्रयोगशाळांच्या अहवालांतली चिन्हे बदलत आहेत, म्हणून जुना आणि नवा अहवाल ताडून पाहताना अक्षरांपेक्षा त्यांचा खुलासा वाचावा.

काळ्या-टॅन कुत्र्याच्या टॅन खुणांच्या जागा ठरलेल्या असतात : डोळ्यांवर दोन ठिपके, मुस्कटाच्या बाजू, खालचा ओठ, कानाची आतली कड, छाती, पायांची आतली व मागची बाजू, पंजे, गुदद्वाराभोवती आणि तिथून शेपटीच्या खालच्या बाजूला काही अंतरापर्यंत.

तांबड्या कुत्र्यात काळी-टॅन प्रत लपलेली असू शकते. म्हणून दोन तांबड्यांच्या विणीत काळे-टॅन पिलू निघाले तर वंशावळीवर शंका घेण्याचे कारण नाही. दोघांतही ती प्रत असेल तर चारांत एक अशी शक्यताच असते. उलट प्रकार मात्र होत नाही. दोन काळ्या-टॅन पालकांना या जनुकातून तांबडे पिलू होणार नाही. झालेच, तर दोन शक्यता उरतात : बाप दुसरा, किंवा तांबडेपणा दुसऱ्या वाटेने आलेला.

ती दुसरी वाट एमसी१आर या जनुकाची. याची अप्रभावी प्रत दोन्ही पालकांकडून आली की केसांत काळे रंगद्रव्य उतरतच नाही. अंग एकसारखे तांबडे किंवा क्रीम होते, नाक मात्र काळे राहू शकते. ओळखायला मिशा आणि शेपटीचे टोक बारकाईने पाहावे. एक जरी काळा केस सापडला तरी ही दुसरी वाट नव्हे. क्रीम रंगही दोन प्रकारचा असतो. एकात पाठीवर काळसर छटा असते, असे पिलू जन्मताना बरेच गडद दिसते आणि महिन्यागणिक उजळते. दुसरा एमसी१आरमुळे आलेला, निव्वळ फिका. डॅपलची चर्चा येईल तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

चॉकलेट, ब्लू आणि इझाबेला

टीवायआरपी१ जनुकाच्या दोन अप्रभावी प्रती एकत्र आल्या की काळ्याचे चॉकलेट होते. डोळे पिंगट होतात, नाक तपकिरी. या रंगाने तब्येतीला काही बाधा येत नाही. चॉकलेट प्रत वाहणाऱ्या दोन काळ्या-टॅन पालकांना चारांत एक चॉकलेट अपेक्षित असते, पण पिले चारच झाली तर एकही चॉकलेट न निघण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. ‘एका विणीत निघाले नाही, म्हणजे आई-बापात नाही’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

ब्लू आणि इझाबेलाचे प्रकरण वेगळे आहे. एमएलपीएच जनुकाच्या दोन दोषयुक्त प्रतींमुळे रंगद्रव्याचे कण केसात सारखे पसरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात. काळ्याचा राखाडी म्हणजे ब्लू होतो, चॉकलेटचा फिकट बदामी म्हणजे इझाबेला. या गुठळ्यांजवळ केस कमकुवत होऊन तुटतात. ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत केव्हाही पाठीवरचे केस विरळ होऊ लागतात, कातडी कोरडी पडून कोंडा सुटतो, केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. टॅन खुणांवरचे केस मात्र दाट राहतात, कारण तिथे युमेलॅनिन नसते. निदानाची ही सोपी खूण आहे. फक्त राखाडी भाग उघडा पडत असेल तर खरजेपेक्षा याचा संशय आधी घ्यावा, आणि तरीही कातडी खरवडून माइट्स म्हणजे खरजेचे बारीक किडे नाहीत याची खात्री करून घ्यावी. यावर कायमचा इलाज नाही. सौम्य शाम्पू, उन्हापासून जपणे आणि जंतुसंसर्ग झाला तर त्याचे औषध एवढेच करता येते. प्रत्येक ब्लू कुत्र्याचे केस गळतात असे नाही, पण कोणाचे गळणार हे पिलू दोन महिन्यांचे असताना, म्हणजे विकले जाते त्या वयात, सांगता येत नाही. या रंगासाठी मुद्दाम जोड्या लावणे म्हणूनच समर्थनीय नाही.

ब्रिंडल आणि रानडुकरी

ब्रिंडल म्हणजे तांबड्यावर गडद आडवे पट्टे, वाघासारखे. तांबड्या कुत्र्यावर ते सर्वांगभर दिसतात. काळ्या-टॅन कुत्र्यावर फक्त टॅन खुणांत, म्हणून पटकन लक्षात येत नाहीत. एक प्रत पुरते आणि त्यातून आजार जोडला जात नाही.

रानडुकरी रंगात प्रत्येक केसावर फिके आणि गडद असे आळीपाळीने पट्टे असतात. राठ केसांच्या प्रकारात हा सर्रास दिसतो. पिले बरीच गडद जन्मतात आणि नवखे लोक त्यांची नोंद काळे-टॅन म्हणून करून टाकतात.

डॅपल

डॅपल ही या जातीची सर्वांत देखणी आणि सर्वांत जोखमीची नक्षी. इतर जातींत हिलाच मर्ल म्हणतात. गडद अंगावर फिकट राखाडी किंवा बदामी रंगाचे वेडेवाकडे डाग विखुरलेले असतात. एक किंवा दोन्ही डोळे निळे, नाहीतर बुबुळाचा काही भागच निळा असू शकतो. मराठीत अशा जनावराला सहज कबरा म्हणता येईल.

पीएमईएल या जनुकात घुसलेला डीएनएचा एक जादा तुकडा हे तिचे कारण. ते २००६ मध्ये सापडले. तुकड्याच्या शेवटी एकाच अक्षराची लांब शेपटी असते आणि तिच्या लांबीवर नक्षी किती उमटणार हे ठरते. नेहमीच्या डॅपलमध्ये शेपटीसह अख्ख्या तुकड्याची लांबी २६५ ते २६८ बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) आसपास भरते. बरीच आखूड असेल तर कुत्रा साधा दिसतो, पण तुकडा त्याच्याजवळ असतोच. पिढी बदलताना ही लांबी बदलू शकते. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणाऱ्या चाचणीपेक्षा लांबी सांगणारी चाचणी म्हणून अधिक उपयोगी.

डॅपल आणि साधा अशा जोडीतून सरासरी निम्मी पिले डॅपल होतात. दोन डॅपलची जोडी लावली तर चारांत एकाला दोन्हीकडून तुकडा मिळतो. हा ‘डबल डॅपल’. त्याच्या अंगावर पांढरे मोठे भाग येतात, आणि ते पांढरेपण म्हणजे तिथे रंगपेशी पोहोचल्याच नाहीत. आतल्या कानातल्या शंखाकृती भागालाही या पेशी लागतात. त्या नसतील तर जन्मानंतर काही आठवड्यांत तो भाग निकामी होतो आणि कुत्रा कायमचा बहिरा होतो. डोळे लहान राहणे, बुबुळात खाच असणे, बाहुली मध्यापासून सरकलेली असणे, क्वचित डोळाच नसणे हे दोषही अशा पिलांत आढळतात. अनेक जातींच्या मर्ल कुत्र्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक प्रत असलेल्यांपैकी सुमारे ३.५ टक्के, तर दोन प्रती असलेल्यांपैकी २५ टक्के कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. डॅपलची जोडी डॅपलशी लावायची नाही हा नियम याच कारणासाठी आहे आणि त्याला अपवाद करू नये. सगळीच पिले डॅपल व्हावीत म्हणून डबल डॅपल नर बाळगणारेही असतात. त्यांचा हिशेब जनुकशास्त्राप्रमाणे बरोबर आहे, पण तसा एक नर मिळवण्यासाठी आंधळी-बहिरी पिले जन्माला घालावी लागतात.

नियम पाळणाऱ्यांकडूनही चूक होते ती तांबड्या रंगामुळे. हा तुकडा फक्त युमेलॅनिनवर काम करतो. तांबड्या कुत्र्यात पहिल्या काही दिवसांत गडद केसांमध्ये पुसट डाग दिसतात, पुढे गडद छटा जाते तसे डागही जातात. एमसी१आरमुळे क्रीम झालेल्या कुत्र्यात तर ते कधीच दिसत नाहीत. असा ‘तांबडा’ किंवा ‘क्रीम’ कुत्रा डॅपल मादीवर लावला की मालकाच्या नकळत डबल डॅपल विण होते. पालकांपैकी एक जरी डॅपल असेल तर प्रत्येक तांबड्या व क्रीम पिलाचे पहिल्या आठवड्यात दिवसाच्या उजेडात दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवावेत, निळा ठिपका आहे का हे पाहण्यासाठी बुबुळे तपासावीत, आणि पैदाशीआधी डीएनए चाचणी करावीच. सगळ्याच पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात तेव्हा निळसर असतात, त्यामुळे बुबुळांची तपासणी आठव्या आठवड्यानंतर करावी.

पायबाल्ड

पांढऱ्या अंगावर रंगाचे मोठे तुकडे म्हणजे पायबाल्ड. बैल असता तर बांडा म्हटला असता. याला एमआयटीएफ जनुक कारण आहे. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याकडून खाली पसरत जातात आणि पायबाल्डमध्ये शेवटच्या टोकांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पांढरेपण बोटे, छाती, शेपटीचे टोक यांपासून सुरू होते.

पायबाल्ड आणि डबल डॅपल यांची गल्लत नेहमी होते. पायबाल्डचे रंगीत तुकडे आतून एकसंध आणि डोळे गडद असतात. डबल डॅपलचे तुकडे आतून पुन्हा कबरे आणि डोळे बहुधा निळे. एकाच कुत्र्यात पायबाल्ड आणि एकेरी डॅपल दोन्ही असतील तर नुसत्या नजरेने निवाडा करू नये. कानाभोवती पांढरे असलेल्या पायबाल्ड पिलाचीही श्रवणचाचणी करून घ्यावी. काही पिले स्वच्छ पांढऱ्या भागांसह जन्मतात आणि काही आठवड्यांनी त्या भागांत बारीक ठिपके उगवतात. हा दोष नव्हे.

प्रमाणके

एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेचे १४८ क्रमांकाचे प्रमाणक, म्हणजे जातीचे अधिकृत वर्णन, तांबडे, काळे-टॅन, तपकिरी-टॅन, डॅपल आणि ब्रिंडल, तसेच राठ केसांच्या प्रकारात रानडुकरी मान्य करते. डॅपलमध्ये गडद किंवा फिकट यांपैकी कोणताच रंग वरचढ नसावा अशी अपेक्षा आहे. पांढरा रंग आणि टॅन खुणांशिवाय निव्वळ काळा हे बाद ठरतात. भारतातली केनल क्लब ऑफ इंडिया एफसीआयशी संलग्न आहे. ब्रिटनच्या प्रमाणकात छातीवरचा छोटा पांढरा ठिपका सोडून पांढऱ्याला जागा नाही, आणि दोन मर्ल पालकांची पिले तिथला केनल क्लब नोंदवत नाही.

चाचण्या

डीएनए नमुना गालाच्या आतून बोळ्याने घेतात. पिलू दूध पीत असेल तर आधी किमान तासभर आईपासून वेगळे ठेवावे, नाहीतर दुधातल्या पेशींमुळे आईचे जनुक अहवालात मिसळतात. बोळा गालावर ३० सेकंद घोळवून हवेत पूर्ण वाळवावा. ओला पाकिटात घातला तर बुरशी येऊन नमुना वाया जातो. जोडी लावण्याआधी एएसआयपी, एमसी१आर, टीवायआरपी१, एमएलपीएच आणि पीएमईएल एवढी पाच जनुके तपासली तर विणीतल्या रंगांचा अंदाज बराचसा बांधता येतो.

श्रवणासाठी बीएईआर ही मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी पाचव्या आठवड्यानंतर होते. घरी प्राथमिक पडताळा घ्यायचा असेल तर पिलू एकटे झोपलेले असताना, जमिनीला धक्का न लावता आणि वारा न जाऊ देता, पाठीमागून किल्ल्या वाजवाव्यात. भावंडांत असताना घेतलेला पडताळा निरुपयोगी, कारण बहिरे पिलू इतरांचे पाहून उठते. एका कानाने बहिरे असलेले पिलू या पद्धतीत कधीच सापडत नाही. ते फक्त बीएईआरमध्ये कळते.