'डस्ट इन द विंड' हे भजन नाहीये

कॅन्सस या अमेरिकन रॉक बँडचा गिटारिस्ट आणि गीतकार केरी लिव्हग्रेन याच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की तो ख्रिस्ती झाला, मग त्याने 'डस्ट इन द विंड' लिहिलं आणि लगेच बँड सोडून देवाची गाणी करायला गेला. क्रमच चुकीचा आहे हो!

गाणं 1977 च्या अल्बममधलं, आणि त्याने येशूला स्वीकारलं ते 1979 मध्ये, टूरवर असताना, तेही सोबतच्या ल रू बँडच्या जेफ पोलार्डशी धर्मावर बरेच वाद घालून झाल्यावर. आणि गाण्याची सुरुवात तर बोटांच्या सरावातून झाली, तो घरी अकूस्टिक गिटारवर एकेक तार छेडत तोच पॅटर्न पुन्हा पुन्हा घोटत होता, बायकोने ऐकलं आणि म्हणाली याला शब्द लाव. शब्द सुचले ते नेटिव्ह अमेरिकन कवितांच्या पुस्तकातून. आपण सगळे वाऱ्यातली धूळ, हा गाण्याचा सूर बायबलमधलं 'उपदेशक' हे पुस्तक वाचलेल्याला ओळखीचा वाटणारच, म्हणून गैरसमज टिकला असावा असं मला वाटतं.

आणि बँड लगेच सोडला हेही खरं नाही. 1980 ला सोलो अल्बम काढला, त्यात दोन गाणी चक्क हेवी मेटल गायक रॉनी जेम्स डिओने गायली, आणि कॅन्ससमध्ये तो 1983 पर्यंत होताच. मग कॅन्ससचाच बास गिटारिस्ट डेव्ह होपला घेऊन 'एडी' हा ख्रिस्ती रॉक बँड काढला, हा होप पुढे अँग्लिकन पाद्री झाला.

मला हे गाणं जिवापाड आवडतं ते याचसाठी, ते लिहिताना तो अजून शोधतच होता.