बैलाच्या डोळ्यातलं फूल आणि मोतीबिंदू

आमच्याकडं औसा तालुक्यात बैलाचा डोळा पांढरा दिसला की म्हातारी माणसं म्हणतात, "फूल पडलंय." पोरं म्हणतात, "मोतीबिंदू झालाय." दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर चुलत्यांनी आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले ड्रॉप आमच्या लाल कंधारी बैलाच्या डोळ्यात घातले, तेव्हा बाटली मीच फडताळातून काढून दिली होती. आठवड्याभरात डोळा फुटला.

त्या बाटलीत सूज उतरवणारं स्टेरॉईड होतं. ऑपरेशननंतर माणसाला ते लागतंच. पण बैलाला मोतीबिंदू नव्हता, फूल पडत होतं, म्हणजे डोळ्यावर जखम होती. अशा जखमेवर स्टेरॉईड पडलं की ती भरायची थांबते, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि जखम आत उतरत जाते.

आता फरक. डोळ्याच्या सगळ्यात पुढं घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. तो गढुळला की फूल. त्याच्या मागं तपकिरी गोल, त्याच्या मधोमध काळी बाहुली आणि बाहुलीच्याही मागं भिंग. ते भिंग पांढरं झालं की मोतीबिंदू. म्हणजे एक दुखणं काचेवरचं आणि दुसरं आतलं.

ओळखायला बॅटरी पुरते. जनावराच्या बाजूला उभं राहून डोळा कडेनं बघायचा. फूल असेल तर पांढरेपणा पुढच्या फुगवट्यावरच दिसतो, तपकिरी भागही झाकतो आणि त्याला आपला असा वेडावाकडा आकार असतो. मोतीबिंदूत वरची काच लखलखीत असते, पांढरं दिसतं ते फक्त बाहुलीतून. बैलाची बाहुली आडवी लंबगोल, शेळीची तर आडव्या चौकटीसारखी, म्हणून तो पांढरेपणाही त्याच आकाराचा. अंधाऱ्या गोठ्यात बाहुली मोठी होते तेव्हा तो वाढल्यासारखा वाटतो, उन्हात नेलं की लहान होतो. फूल ऊन-सावलीला दाद देत नाही. माझ्या मते एवढी एक खूण लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

बॅटरी नसेल तर जनावराचा चेहरा बघावा. फूल पडताना दुखतं. पाणी गळून गालावर ओली रेघ उमटते, तिच्यावर माश्या बसतात, पापणी अर्धी मिटलेली राहते आणि जनावर उन्हाकडं पाठ करतं. मोतीबिंदूवालं जनावर शांतपणे कडबा खात असतं. फक्त त्या बाजूनं गेलात तर दचकतं. हाताचा पंजा डोळ्यापुढं हळूच नेऊन नजर तपासता येते, पण वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर आंधळा डोळाही पापणी मिटतो. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक दात बघून झाल्यावर हात हलवतं, त्यातले निम्मे तरी वाऱ्यामुळं फसत असतील.

फूल पडायची कारणं गोठ्यातच असतात. ज्वारीचं धाट टोचतं, तुराटी लागते, कुसळ तिसऱ्या पापणीखाली अडकून बसतं, कधी आपल्याच चाबकाचं टोक बसतं. जंतूंची साथही येते. गाई-बैलांत मोराक्सेला नावाचा जंतू माश्यांवाटे पसरतो. शेळ्यांत जंतू वेगळे, पण उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात एकीचे डोळे आले की बाकीच्यांचेही यायला वेळ लागत नाही. कधीकधी डोळ्यात दोऱ्यासारखा पांढरा जंत वळवळताना दिसतो, तोही माशीच आणते. आणि दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 सालासारखं वर्ष असलं की जनावरं महिनोन्‌महिने वाळल्या वैरणीवर निघतात. हिरव्या चाऱ्यातून मिळणारं अ जीवनसत्त्व तुटतं, आधी रातांधळेपणा येतो, डोळे पाझरतात, मग काच धुरकटते. तिथं नुसत्या ड्रॉपनं भागत नाही, अ जीवनसत्त्व आणि हिरवा घास पोटातच जावा लागतो.

गावातला उपाय म्हणजे चावलेला तंबाखू किंवा मीठ डोळ्यात फुंकणं. फूल त्यानं "कापतं" म्हणे. उघड्या जखमेवर मीठ, दुसरं काय! खरं तर जनावर सावलीत, बाकीच्यांपासून दूर बांधावं, उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा धुवावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, नाहीतर जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर आधी रंगाचा थेंब टाकतात. जखम असेल तिथं हिरवं चमकतं आणि मगच औषध ठरतं. कुसळ किंवा जंत असेल तर डोळा बधिर करून काढतात. साथीच्या आजारात ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन देतात. गाय दुभती असेल तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते तिथंच विचारून घ्यावं.

पुढं काचेच्या कडेनं लाल शिरा आत सरकू लागतात. घरचे घाबरतात, पण बहुतेक वेळा तो जखम भरत असल्याचा पुरावा असतो. गढूळपणा उतरायला आठवडे लागतात. शेवटी एखादा पांढरा ठिपका राहिलाच, तर तो व्रण आहे, बैल त्याच्या बाजूनं बघून काम करतो. तो घालवायला बाजारातली पूड आणू नये.

मोतीबिंदूबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. तो ड्रॉपनं विरघळत नाही. कुत्र्यांवर मोठ्या शहरांत शस्त्रक्रिया होते, बैलावर सहसा कुणी करत नाही. गव्हाणीची जागा बदलू नये आणि जवळ जाताना आवाज द्यावा. म्हाताऱ्या कुत्र्याचा डोळा निळसर दिसतो तो तर कित्येकदा मोतीबिंदूही नसतो, वयानं भिंग घट्ट झालेलं असतं आणि त्याला बऱ्यापैकी दिसतं.

फडताळातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असं छापलेलं असेल, तर ती गोठ्यात नेऊ नका. आमचा बैल त्यानंतर चार वर्षं औताला चालला. डावा डोळा गेला म्हणून त्याला उजवीकडं जुंपायचो, आंधळी बाजू जोडीदाराकडं. पोळ्याला चुलते त्याच्या शिंगांना बेगड लावायचे तेव्हा आधी उजवीकडून जाऊन त्याला हाक मारायचे.