लाइन गेली तरी केस पेपर उघडला पाहिजे

आषाढात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात झाड पडून इंटरनेटची फायबर लाइन तुटली की वाळपईच्या आरोग्य केंद्राचा संगणक बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयातल्या सर्व्हरपासून तुटतो. दारात आलेला रुग्ण काही लाइन येईपर्यंत थांबत नाही. अनेक ठिकाणी पसरलेल्या आरोग्य प्रणालींचं निम्मं डोकं या एकाच अडचणीत खर्च झालेलं आहे.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. १९६६ च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ‘मम्प्स’ ही रुग्णनोंदींसाठीची संगणक भाषा तयार झाली, तेव्हा यंत्र एक आणि टर्मिनल अनेक. यंत्र बसलं की सगळंच बसायचं, पण एकाच नोंदीच्या दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रती तरी होत नसत. पुढे लॅब, एक्स-रे, फार्मसी यांची आपापली यंत्रं आली. त्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८७ मध्ये एचएल७ ही माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणारी संस्था उभी राहिली, तर एक्स-रेसारख्या प्रतिमांसाठी १९९३ मध्ये डायकॉम हे मानक आलं. पण यंत्रायंत्रांतला निरोप पोचला आणि त्याची पावती वाटेत हरवली, तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा पाठवतो आणि इंजेक्शनची ऑर्डर दोनदा पडते. म्हणून प्रत्येक निरोपाला न बदलणारा क्रमांक हवा, आणि घेणाऱ्याने तो आधी आलेला आहे का हे तपासायला हवं.

२००० मध्ये संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअरनी मांडलेलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेलं तत्त्व सांगतं की जाळं तुटलं असताना प्रत्येक विनंतीला उत्तर आणि सगळीकडे एकसारखी माहिती, दोन्ही मिळत नाहीत. बँक व्यवहार नाकारू शकते, ओपीडी नाही. म्हणून केंद्रात स्थानिक प्रत ठेवायची, नव्या नोंदी रांगेत लावायच्या आणि लाइन आल्यावर जुळवायच्या. खरी गोम या जुळवणीत आहे. ॲलर्जीच्या नोंदी दोन्हीकडच्या ठेवायच्या. एकीकडे औषध बंद आणि दुसरीकडे चालू दिसलं, तर दोन्ही डॉक्टरपुढे ठेवायचं. ‘शेवटची नोंद खरी’ हा सोपा नियम इथे घातक ठरतो: मदरबोर्डची बॅटरी संपून घड्याळ मागे पडलं की जुना डोस नव्यावर बसतो.

ओळखीचा घोळ गोव्यात जास्त. रोमन लिपीतला पोर्तुगीज वळणाचा नाईक (Naique) आणि इंग्रजी वळणाचा नाईक (Naik) संगणकाला दोन माणसं वाटतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा (आरोग्य ओळख) क्रमांक इथे उपयोगी पडतो, पण बेशुद्ध रुग्ण तो सांगणार कसा? संगणकाने जुळणारी नावं फक्त सुचवावीत, एकत्र माणसाने करावीत, आणि चुकलं तर पुन्हा वेगळी करता यावीत.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस अडवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच रॅन्समवेअरने दिल्लीचं एम्स अडवलं, तेव्हा सुरक्षा आणि विश्वासार्हता ही दोन खाती नाहीत हे उघड झालं. त्याच जाळ्यावरची बॅकअप डिस्कही कुलूपबंद होऊ शकते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, आणि निदान एक जाळ्यापासून तोडलेली. ती परत चढवायला किती तास लागतात हे घड्याळ लावून मोजायचं. न चढवून पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.

पावसासाठी ठेवलेली स्थानिक प्रत मात्र चोराच्याही हाती लागू शकते. तिच्यात त्या केंद्राचेच रुग्ण असावेत, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असावी आणि ती किल्ली त्याच यंत्रावर नसावी. तातडीत बाहेरच्या रुग्णाची नोंद उघडू द्यावी, पण उघडणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण लॉगमध्ये जावं. आणि इन्व्हर्टरही संपला तर? आधीच क्रमांक छापलेलं कागदी पॅड. ते क्रमांक संगणकात त्या केंद्रासाठी राखून ठेवले, तर मागाहून भरलेली नोंद दुसऱ्याच्या क्रमांकावर आदळत नाही.