तंबाकी

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत आढळणारा, फळे व बिया खाणारा गोड्या पाण्यातील मासा. शास्त्रीय नाव कोलोसोमा मॅक्रोपोमम, कुल सेरासॅल्मिडी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८१६ मध्ये त्याचे वर्णन केले. तंबाकी हे ब्राझीलमधील नाव. पेरूत त्याला गामिताना म्हणतात. पिरान्हा याच कुलातला, आणि तंबाकीचे पिल्लू दिसतेही तांबड्या पोटाच्या पिरान्हासारखेच. पूर्ण वाढलेला मासा सुमारे १ मी. लांब व ३० किग्रॅ.पर्यंत वजनाचा भरतो. पाठ हिरवट करडी, पोटाकडची बाजू काळी.

त्याचे सगळे जीवन पुराशी बांधलेले आहे. दरवर्षी नदी काठ ओलांडते आणि जंगल कित्येक महिने पाण्यात उभे राहते. तंबाकी तेव्हा झाडांच्या बुंध्यांमधून हिंडत असतो. रबराच्या झाडाचे टणक फळ वाळले की तडकून फुटते आणि बिया पाण्यावर पडतात; हे मासे अशा झाडांखाली दबा धरून असतात. बीचे कवच कठीण असते, पण तंबाकीचे दात आपल्या दाढांसारखे रुंद व भक्कम, वरच्या जबड्यात तर त्यांच्या दोन ओळी. एका चाव्यात कवच फुटते. या दिवसांत अंगात साठलेल्या चरबीवर तो पाणी ओसरल्यानंतरचे उपासाचे महिने काढतो. त्याच्या कल्ल्यांवर बारीक, दाट काट्यांची चाळणही असते. पिल्ले व अर्धवट वाढलेले मासे तिने पाण्यातील सूक्ष्म प्राणी गाळून खातात, त्यामुळे त्याला निव्वळ शाकाहारी म्हणता येत नाही.

पण सगळ्याच बिया चावल्या जात नाहीत. गरासोबत गिळलेल्या लहान बिया आतड्यातून धडधाकट बाहेर पडतात. पेरूतील पूरजंगलात माशांना रेडिओ-यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात (२०११) तंबाकी बी ५ किमी.पेक्षाही दूर नेऊ शकतो, असे आढळले. बिया दूर नेणारे म्हणून आपण पक्षी आणि माकडेच मोजत आलो. या माशाचे नाव त्यांच्याच पंक्तीत यायला हवे.

कुजणाऱ्या पाचोळ्यामुळे पूरजंगलातील पाण्यात प्राणवायू फार कमी होतो. अशा वेळी काही तासांत तंबाकीचा खालचा ओठ सुजून पुढे पन्हाळीसारखा होतो. मासा पृष्ठभागाशी येतो आणि हवेला लागून असलेला, प्राणवायूने भरलेला पाण्याचा पातळ थर त्या पन्हाळीतून कल्ल्यांवर घेतो. पाणी सुधारले की सूज उतरते. याइतकी साधी आणि चोख सोय दुसऱ्या माशांत क्वचितच दिसते.

पूर चढू लागला की मासे नदीच्या मुख्य प्रवाहात अंडी घालतात. बंदिस्त तळ्यात मादी आपणहून अंडी घालत नाही, संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. त्या युक्तीवरच आज ब्राझीलमधील त्याची मोठी मत्स्यशेती उभी आहे. नदीतल्या तंबाकीची मात्र अतोनात मासेमारी झाली. जाळ्यांनी आधी मोठे मासे संपवले, आणि पोटात अधिक बिया घेऊन अधिक लांब जाणारे तेच होते.