ख्रिस्ती रूढी आणि पवित्र शास्त्र (नाशिकच्या संदर्भात)

ख्रिस्ती लोक काय मानतात, काय करतात आणि बायबलमध्ये प्रत्यक्षात काय लिहिलंय, हे शेजारी शेजारी ठेवून बघणं म्हणजे हा विषय. नाशिकमध्ये तो फक्त धर्मशास्त्र शिकणाऱ्यांचा नाही. इथे एकाच घरात थोरले काका कॅथलिक, मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणारे, धाकटी काकू सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमधून आलेली आणि आत्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मंडळीत असं सर्रास असतं, मग नाताळात सगळे करंज्या भरायला बसले की कोणीतरी विचारतंच, "पण हे शास्त्रात कुठंय?"

या मिसळीला इतिहास आहे. शरणपूरची वस्ती १९व्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने उभी केली, पुढे १९२९ मध्ये नाशिकचा अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला) धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, झाला आणि १९७० मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा, आणि नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नंतर आलेल्या स्वतंत्र मंडळ्या वेगळ्याच.

वादाचं मूळ एका प्रश्नात आहे, शेवटचा शब्द कोणाचा? प्रोटेस्टंट म्हणतात फक्त शास्त्राचा, आणि ते मार्क ७ (मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा, सातवा अध्याय) दाखवतात, जिथे माणसांच्या रूढीसाठी देवाची आज्ञा बाजूला सारणाऱ्यांना येशू खडसावतो. कॅथलिक म्हणतात शास्त्र आणि प्रेषितांपासून (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेली परंपरा दोन्हीचा, आणि ते २ थेस्सलनीका २:१५ दाखवतात, जिथे प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला तोंडी आणि पत्राने शिकवलेल्या गोष्टी धरून ठेवायला सांगतो. त्यात पुस्तकंही सारखी नाहीत, प्रोटेस्टंट बायबलात ६६ आणि कॅथलिकांच्या ७३. म्हणून मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का या वादात एक जण २ मक्काबी १२ उघडतो आणि दुसरा म्हणतो हे पुस्तकच माझ्याकडे नाही, आता पुढे बोलणार काय. माझ्या मते निम्मे वाद आणखी साध्या ठिकाणी अडकतात, शास्त्र एखाद्या गोष्टीबद्दल गप्प आहे म्हणजे तिला मनाई आहे असं लोक धरून चालतात.

नाताळचा गोठा घ्या. गवत पसरलेलं, मधे बाळ, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला उंटांसकट तीन राजे, मागे बैल आणि गाढव. मत्तय २ वाचलं तर मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी ज्यांना आपण तीन राजे म्हणतो, किती होते ते दिलेलंच नाही, तीन भेटी आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून तीन माणसं झाली. ते राजे होते असंही तिथे नाही, उंटही नाहीत, आणि ते आले घरात, गोठ्यात नाही. हेरोद दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला सांगतो, म्हणजे तोवर बराच वेळ गेला असणार. मेंढपाळ आणि गव्हाणी लूक २ मध्ये आहे. बैल आणि गाढव यापैकी कुठेच नाहीत, ते यशया १:३ वरून चित्रात शिरले असं मानतात. २५ डिसेंबर तर शुभवर्तमानांत नाहीच, रोममध्ये त्या तारखेचा उल्लेख इ.स. ३३६ च्या सुमाराचा सापडतो. म्हणून गोठा मोडायचा का? अजिबात नाही, तो पोरांनी आठवडाभर खपून केलेला असतो, पण तो करताना मत्तय आणि लूक दोन्ही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

खरा कस लागतो तो नवसाला. दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मुंबई, वसई, कुठून कुठून लोक येतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही भरपूर, हातात मेणबत्त्या, मनात मूल, नोकरी, आजारपण. ही भक्ती मूळची प्रागची, तिथली बाळ येशूची मूर्ती १६२८ मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट साधूंना दिली. आता नवस शास्त्राबाहेरचा आहे का? नाही. १ शमुवेल १ मध्ये हन्ना मुलासाठी रडत नवस करते, शमुवेल होतो आणि ती तो खरोखर देवाला देऊन टाकते. पण शास्ते ११ मध्ये इफ्ताहचा, घरातून जे पहिलं भेटायला येईल ते अर्पण करण्याचा नवस त्याच्या एकुलत्या एक मुलीवर येतो, आणि उपदेशक ५ सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. म्हणजे नवस चालतो, पण देवाशी सौदा म्हणून नाही, आणि कोणी भाग पाडलं म्हणून तर नाहीच.

मूर्तीचं काय, तर दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. निर्गम २० कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडायला मना करतं. गणना २१ मध्ये मात्र देवच मोशेला पितळेचा साप करायला सांगतो आणि त्याच्याकडे बघणारे वाचतात. मग २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. कॅथलिक चर्चचं म्हणणं ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेपासून स्पष्ट आहे, प्रतिमेला मान द्यायचा, आराधना फक्त देवाची. मला हा फरक खरा वाटतो, पण मेणबत्ती लावणाऱ्या दर माणसाच्या मनात तो असतोच असं नाही, आणि तो समजावून सांगणं हे फादरांचं काम आहे, टोमणे मारणाऱ्या शेजाऱ्याचं नाही.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, तर वचन आणि रूढी एकाच तासात समोरासमोर येतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावायची, आणि त्याच मिस्सामध्ये मत्तय ६ वाचतात, उपास करताना तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको. योएल २ पण त्याच दिवशी असतं, कपडे नको, हृदय फाडा. रूढीने स्वतःवरच ठेवलेला हा वचक आहे, आणि तो वाचून दाखवायची हिंमत चर्चने सोडलेली नाही ही मोठी गोष्ट. दुसरीकडे "आम्ही फक्त शास्त्र पाळतो" म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत गुड फ्रायडेला १२ ते ३ क्रुसावरच्या सात शब्दांची (येशूच्या शेवटच्या सात वचनांची) उपासना असते. शब्द चारही शुभवर्तमानांतले आहेत, पण ते एकत्र करून तीन तासांची भक्ती सुरू केली पेरूमधल्या लिमा शहरातल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी, १७व्या शतकाच्या शेवटी.

गाण्याबद्दल फार वाद उरलेला नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्यामुळे मराठी मंडळीला अभंग आणि भजनं आपली वाटतात, आणि स्तोत्र १५० मध्ये झांजांपासून बासरीपर्यंत सगळं आहेच. बाप्तिस्म्याबद्दल (पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेबद्दल) मात्र वाद आहे, बुडवून की शिंपडून, मोठेपणी की बाळपणी. प्रेषित १६ मध्ये (प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात) तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या अख्ख्या घराचा बाप्तिस्मा होतो, त्यात लहान मुलं होती की नाही ते लिहिलेलं नाही, मग दोन्ही बाजू तीच ओळ आपल्या बाजूने वापरतात. बाकी एदेनमध्ये सफरचंद नाही, नुसतं फळ आहे, पौल घोड्यावरून पडल्याचं प्रेषित ९ मध्ये नाही, आणि मग्दालीया मरिया वेश्या होती असं कुठेच नाही, लूक ८ एवढंच सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. या बाईवरचा डाग तरी रविवारच्या शाळेत पुसायला हवा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट दशमांशाची आहे, आणि तिच्याबद्दल कमीच बोलतात. काही मंडळ्यांत मलाखी ३ वाचून सांगतात की दहावा हिस्सा दिला नाही तर शाप लागेल. समोर बसलेली बाई द्राक्षाच्या बागेत रोजावर जाते, ती आठवड्याच्या मजुरीतून आधी तो हिस्सा बाजूला काढते आणि मग किराणा भरते. मलाखीचा पहिला आणि दुसरा अध्याय कोणी वाचत नाही, तिथे देव याजकांनाच फैलावर घेतो. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाचा १४वा अध्याय सांगतो की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी आहे, म्हणजे त्या हिशोबाने कितीतरी घरं देणारी नसून घेणारी ठरतात. नव्या करारात २ करिंथ ९:७ आहे, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही, जुलमाने नाही. पाळकाने पोट कसं भरायचं हा प्रश्नही खरा आहे, आणि १ करिंथ ९:१४ त्याच्या बाजूने आहे, शुभवर्तमान सांगणाऱ्याने त्यावर जगावं. पण लगेच पुढच्या ओळीत पौल म्हणतो की मी हा हक्क वापरला नाही, आणि प्रेषित १८ मध्ये तो तंबू शिवून पोट भरताना दिसतो.