आजीचं नाक जमलं, आजी जमेना

गेल्या श्रावणात आमच्या बेळगावच्या घरी, वडगावात, आठवडाभर एक काम चाललं होतं. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असलेला माझा भाचा कॉम्प्युटरवर आजी घडवत होता. काही गेममध्ये सुरुवातीला आपलं पात्र आपणच तयार करायचं असतं आणि मग त्याला घेऊन एका काल्पनिक जगात फिरायचं, लढायचं, माणसं जोडायची. त्याचे सगळे दोस्त रुंद छातीचे योद्धे घडवत होते. याला मात्र त्या जगात आजीला न्यायचं होतं. पडद्यावर स्लायडरची, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवायच्या बटणांची, भली मोठी रांग होती: नाकाची रुंदी, नाकाचा शेंडा, गालाची हाडं, डोळ्यांमधलं अंतर, हनुवटीची उंची. तिसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली.

"आत्या, नाक जमलं की. खरं आज्जी दिसंना बघ."

बेळगावकडच्या बोलीत 'पण'च्या जागी 'खरं' येतं. मी बघितलं. नाक खरोखरच माझ्या आईचं, म्हणजे त्याच्या आजीचं होतं. पण त्या नाकामागे कुणी तरी दुसरीच बाई बसली होती. असं का झालं, ते शोधता शोधता मी भूमितीपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत जाऊन आले.

पडद्यावरचं डोकं म्हणजे एक पोकळ जाळं असतं. हजारो बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांमध्ये ताणलेले छोटे छोटे तुकडे. यातली खरी युक्ती अशी, की गेममधल्या सगळ्या डोक्यांचं जाळं सहसा एकच असतं आणि प्रत्येक बिंदूला ठरलेला क्रमांक असतो. समजा 2140 क्रमांकाचा बिंदू नाकाच्या शेंड्यावर आहे. मग योद्धा असो, चेटकीण असो की आजी, 2140 म्हणजे नाकाचा शेंडाच. आता गेम घडवणारे दोन डोकी तयार करतात, एक साधं आणि एक लांब नाकाचं. साध्या डोक्यात शेंडा 20 मिलिमीटर पुढे आहे आणि लांब नाकाच्या डोक्यात 28, तर फरक 8. स्लायडर निम्म्यावर आणला की या फरकाचा निम्मा भाग मिळवला जातो, म्हणजे शेंडा येतो 24 वर. नाकाच्या आजूबाजूच्या शेकडो बिंदूंचंही हेच गणित त्याच क्षणी होतं. दुसरा स्लायडर हलवला की त्याचा फरक याच्यावर चढतो. म्हणून अख्खा चेहरा शेवटी शे-दोनशे आकड्यांची यादी होऊन साठवला जातो, आणि ती यादी मित्राकडे पाठवली की त्याच्या मशीनवर तोच चेहरा उभा राहतो.

आमच्या घराजवळ गणपतीचा कारखाना आहे. साच्यातून निघालेली मूर्ती ओली असताना कारागीर सोंडेला जरा वळण देतो, पोट हलकेच दाबतो, आणि एकाच साच्यातल्या दोन मूर्ती वेगळ्या होतात. स्लायडरचं काम मला आधी तसंच वाटलं होतं. पण एक मोठा फरक आहे. कारागिराला हवं तिथे मातीचा नवा गोळा लावता येतो. स्लायडरला नवी माती घेता येत नाही. घडवणाऱ्याने जी दोन टोकं ठरवून ठेवली, त्यांच्या मधलंच काही तरी तो देणार. मग प्रश्न असा, की ही टोकं कुणाच्या चेहऱ्यावरून ठरली?

काही गेममध्ये शिल्पकार ती हाताने घडवतात. काहींत खऱ्या माणसांच्या मोजमापांवरून संख्याशास्त्र ती काढून देतं. 2006 सालच्या 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये 'फेसजेन' नावाची अशीच प्रणाली होती. तिथे गाल हलवायला जावं तर जबडाही थोडा सरकायचा, कारण खऱ्या चेहऱ्यांतही गाल आणि जबडा एकमेकांना धरून असतात. या विचाराची पायाभूत मांडणी 1999 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनमध्ये फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी केली. त्यांनी 200 माणसांची डोकी लेझरने मोजली, त्यातून एक सरासरी चेहरा काढला आणि माणसं त्या सरासरीपासून कोणकोणत्या दिशांना दूर जातात ते शोधलं. एखादा चेहरा म्हणजे सरासरी, अधिक या दिशेला इतकं, अधिक त्या दिशेला तितकं. फारच देखणं काम आहे ते, आणि आजही संगणकी चेहऱ्यांचं बरंचसं शास्त्र त्यावर उभं आहे.

पण ती 200 माणसं कोण होती? 100 पुरुष, 100 स्त्रिया, सगळी तरुण, फार तर मध्यमवयीन. केस आड येऊ नयेत म्हणून डोक्याला पोहण्याची टोपी. दाढी-मिशी नाही, दागिना नाही, मेकअप नाही. आणि 200 पैकी एक व्यक्ती आशियाई, बाकी सगळी युरोपीय वंशाची गोरी. यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. हाताशी होती ती माणसं त्यांनी मोजली. पण ज्या गर्दीवरून सरासरी काढली, त्या गर्दीत नसलेला चेहरा त्या गणिताला गाठता येत नाही, किंवा मोठी ओढाताण करून अर्धवट गाठता येतो. चिकोडीच्या बाजारात बसलेली पंच्याहत्तर वर्षांची, नाकात चमकी असलेली बाई त्या 200 जणांत कुठून असणार? पुढे 2016 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 9,663 चेहऱ्यांवरून असंच प्रारूप केलं, त्यात लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत माणसं घेतली, आणि चित्र पुष्कळ सुधारलं. पण सगळ्याच गेमपर्यंत ही सुधारणा पोहोचलेली नाही.

भाच्याच्या गेममध्ये वयाचा एकच स्लायडर होता. तो उजवीकडे नेला की सुरकुत्या गडद व्हायच्या. या सुरकुत्या जाळ्यात कोरलेल्या नसतात. त्वचेवर एक अदृश्य नकाशा पांघरलेला असतो आणि तो प्रकाशाला सांगतो, 'इथे पृष्ठभाग जरा कलता आहे असं समज.' प्रकाश फसतो, सावली पडते, आपल्याला घडी दिसते. म्हणजे पडद्यावर वीस वर्षांच्या मुलीच्या हाडांवर सत्तरीची कातडी चढलेली होती. खरं म्हातारपण नुसतं कातडीत नसतं, तिच्याखाली आणि हाडांतही असतं. वयानुसार डोळ्यांच्या खोबणी रुंद होतात. गालातल्या चरबीच्या गाद्या खाली उतरतात. नाकाच्या शेंड्याचा आधार सैल पडतो, म्हणून नाक किंचित वाकतं आणि लांब दिसतं. दातांची तर वेगळीच गोष्ट. दात ज्या हाडात रोवलेले असतात, ते हाड दातांवर पडणाऱ्या जोरामुळे टिकून असतं. दात गेला की शरीर ते हाड हळूहळू शोषून घेतं. जबड्याची उंची कमी होते, ओठ आत वळतात, हनुवटी वर आणि पुढे येऊन नाकाच्या जवळ जाते. आईने खालची कवळी कधी नीट वापरलीच नाही. तिच्या चेहऱ्याचा खालचा भाग या झिजलेल्या हाडाने घडवलाय. हे कळल्यावर भाच्याने वयाचा स्लायडर सोडून दिला आणि जबड्याची उंची, ओठांची जाडी, हनुवटीचं पुढे येणं असे पाच-सहा स्लायडर एकत्र हलवले. त्या रात्री ती पहिल्यांदा आईसारखी दिसायला लागली.

मग रंगाचं. गेममधला गव्हाळ-सावळा रंग निवडला की चेहरा राख फासल्यासारखा दिसत होता. याचं कारण घरीच बघता येतं. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट मिटून धरा. बोटांच्या कडा लाल तेजाळतात. त्वचा म्हणजे भिंतीचा रंग नव्हे. प्रकाश तिच्या आत शिरतो, इकडेतिकडे भरकटतो आणि शिरला तिथून जरा दूर बाहेर पडतो. निळा-हिरवा प्रकाश लवकर शोषला जातो, लाल मात्र काही मिलिमीटर फिरून येतो. दूध आणि संगमरवरही असेच. 2001 साली हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे भरकटणं झटपट काढायचं सूत्र दिलं, आणि पडद्यावरची माणसं प्लॅस्टिकची दिसायची थांबली. पण सावळ्या त्वचेत वरच्या थरातच मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं. पुष्कळसा प्रकाश तिथेच शोषला जातो, आतून परत येणारा कमी. त्यामुळे त्वचेच्या तेलकट पृष्ठभागावरून सरळ परतणारा, शेकडा तीनच्या आसपासचा पांढरा प्रकाश ठळकपणे उठून दिसतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो बाकीच्या उजेडात हरवतो. सावळ्या चेहऱ्याचा सारा उठाव मात्र या चकाकीवर असतो. घडवणाऱ्याने गोऱ्या त्वचेचंच गणित ठेवून वरून तपकिरी रंग चढवला की चकाकी चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात पडते आणि चेहरा मळकट होतो. आमच्या आईचा रंग मळकट नाही. सकाळी चुलीपुढे बसली की तिच्या कपाळावर जो उजेड खेळतो, त्याला जागा देणारा स्लायडर त्या गेममध्ये नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

केसांचं फार सांगत नाही. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि बहुतेक गेम ते पट्ट्यांवर छापून भागवतात. अंबाडा मिळाला नाही, दुसऱ्याच कुठल्या देशाचा बुचडा मिळाला. नऊवारीचा मात्र विषयच काढता येईना. गेममधले कपडे शिवलेले असतात, पात्राच्या आतल्या सापळ्याला बिंदू-बिंदूने बांधलेले. न शिवलेलं, नुसतं नेसलेलं वस्त्र निऱ्यांच्या घर्षणावर आणि खोचण्यावर टिकतं. एकावर एक पडलेले थर एकमेकांतून आरपार जाऊ न देता दर सेकंदाला साठ वेळा मोजत राहायचं, हे गेमसाठी फार महागडं काम. शहापूर-वडगावच्या मागावर विणलेली साडी माझी आई डोळे मिटून पाच मिनिटांत नेसते.

पाचव्या दिवशी शेजारचा मुलगा आला आणि बघताक्षणी म्हणाला, "अरे, ही तुझी आज्जी!" भाचा खूश झाला, मी नाही झाले. घरातल्या कुणालाच ती अजून आजी वाटत नव्हती. यालाही शास्त्र आहे. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली दाखवलं, की नावाजलेली, ओळखीची माणसं आपण डोळे, नाक, ओठ या चेहऱ्याच्या आतल्या भागावरून जास्त ओळखतो. अनोळखी माणसाच्या बाबतीत केस आणि चेहऱ्याची कड यांनाही तेवढंच महत्त्व असतं. शेजाऱ्याने पांढरे केस, हनुवटी आणि नाक बघितलं. आम्ही डोळ्यांमध्ये बघत होतो.

तिथे दोन गोष्टी चुकत होत्या. गेममधलं डोकं डावी-उजवीकडे आरशासारखं सारखं होतं, आणि आईची डावी भुवई उजवीहून वर आहे. दुसरी गोष्ट हसण्याची. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी 1978 साली चेहऱ्याच्या हालचालींची वर्णमाला बांधली. ओठांचं टोक वर ओढणारा स्नायू वेगळा, डोळ्याभोवती घड्या पाडणारा वेगळा. अ‍ॅनिमेशनवाले आज पात्रांना हसवतात ते याच वर्णमालेवरून. पण भाच्याच्या गेममध्ये हसण्याचा नमुना सगळ्यांना एकच. आई ओठ मिटून, डोळ्यांनी हसते. पडद्यावरची आजी दात दाखवून हसली, आणि तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते.

रूपाचा परिणाम आपल्या वागण्यावरही होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 साली काही लोकांना आभासी जगात उंच रूप दिलं, काहींना बुटकं. पैशांच्या वाटणीच्या खेळात उंच रूपातली माणसं जास्त ताणून धरायला लागली, बुटक्या रूपातली अन्यायाची वाटणीही मुकाट्याने घ्यायला लागली. शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा होऊन उभं राहिलेलं गल्लीतलं पोर ज्याने बघितलंय, त्याला हे पटायला जड जाणार नाही. म्हणूनच मला वाटतं, म्हातारी, सावळी, दात पडलेली बाई हे रूप खेळणाऱ्याच्या हाताशी असायला हवं. ते रूप घेऊन चार तास फिरणारा मुलगा आजीसारखाच सावकाश चालून बघेल.

शेवटी भाच्याने स्लायडर सोडले. एखाद्या माणसाचे सगळ्या बाजूंनी पन्नास-साठ फोटो काढले, की प्रत्येक फोटोत दिसणारा तोच तीळ, तीच घडी जुळवून कॉम्प्युटर त्या चेहऱ्याचं जाळं स्वतः उभं करतो. मग ते 'ब्लेंडर'मध्ये घेऊन दुरुस्त करता येतं. हे सॉफ्टवेअर 2002 पासून सगळ्यांना मोकळं आहे. फोटोंसाठी ऊन नको, कारण उन्हाची सावली रंग म्हणून चेहऱ्यावर छापली जाते. सगळीकडून सारखा, मऊ उजेड लागतो, आणि श्रावणातलं बेळगाव त्यासाठी नामी आहे.

रविवारी सकाळी आईला अंगणात खुर्चीवर बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं तीनदा सांगितलं. भाचा मोबाइल घेऊन सावकाश तिच्याभोवती फिरायला लागला. चाळिसाव्या फोटोला दारावरून भाजीवाली गेली आणि आईने मेथीचा भाव विचारला. जाळं तयार झालं तेव्हा कपाळ, डोळे, ती वर चढलेली भुवई, सगळं नेमकं होतं. ओठांच्या जागी मात्र दोन तोंडं एकात एक मिसळली होती. पुढच्या रविवारी पुन्हा बसायला ती तयार झाली, भाजी आदल्या दिवशीच आणून ठेवायची या अटीवर.