नर्सिंग संस्थेचे अध्यक्ष-खजिनदार बदलले की पैशाची कोणती कागदं करायची (कोविडमधल्या अनुभवांसकट)

खात्यात पैसे आहेत, पीपीई किट आणि ऑक्सिमीटरचं बिल समोर आहे, पण चेकवर दोन सह्या लागतात आणि त्यातली एक सही ज्यांची त्या बाई आता या जगात नाहीत. २०२० आणि २१ मध्ये असं कितीतरी छोट्या संस्थांचं झालं. नर्सेसच्या संस्थांना तर जरा जास्तच जड गेलं, कारण तिथे अध्यक्ष म्हणजे कुठल्यातरी हॉस्पिटलच्या मेट्रन आणि सचिव म्हणजे आयसीयूतल्या सिस्टर, मग मीटिंगला कोरम, म्हणजे लागणारी किमान हजेरी, कुठून आणायची? (डब्ल्यूएचओनं २०२० हे वर्ष नर्सेस आणि मिडवाइफसाठीच जाहीर केलेलं होतं, म्हणजे बघा.) तर नेमणूक आणि पैसा ही दोन वेगळी टेबलं नाहीत, पदाधिकारी कागदावर बदलले नाहीत तर पैसा हलत नाही, हे धरूनच खालचं सगळं वाचा.

आधी हे कोणाला लागू आहे ते. संस्था महाराष्ट्रात पब्लिक ट्रस्ट म्हणून किंवा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर असेल, म्हणजे तुमच्या लेटरहेडवर धर्मादाय नोंदणीचा ई किंवा एफ नंबर असेल, तर तुम्ही यात आलात. युनियन म्हणून रजिस्टर असलेल्या संघटनांचा कायदा वेगळा, त्यांनी इथे वेळ घालवू नये. सेक्शन ८ कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था) असेल तर संचालक बदलाची मुख्य कागदं एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या, पोर्टलवर होतात.

चेंज रिपोर्ट

सगळ्यात महत्त्वाचं हेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये काहीही बदल झाला, निवडणूक, राजीनामा, मृत्यू, काहीही, तरी बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो, या अर्जालाच चेंज रिपोर्ट म्हणतात, आणि तो एखाद्या विश्वस्तानंच करायचा असतो, त्या विश्वस्ताला रिपोर्टिंग ट्रस्टी म्हणतात.

सोबत काय लावायचं: शेड्यूल थ्रीचा फॉर्म कोर्ट फी स्टॅम्पसकट, आत्ताचा शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली तुमच्या संस्थेची नोंद), संस्थेच्या घटनेची प्रत, मीटिंगचा अजेंडा आणि तो सगळ्यांना पोचला याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची आणि प्रोसिडिंगची प्रत, नवीन लोकांचं संमतीपत्र आणि ॲफिडेव्हिट, त्यांचे आधार-पॅन, आणि जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. यात लोक सर्वात जास्त कुठे अडकतात तर अजेंडा पोचल्याच्या पुराव्यात. घटनेत लिहिलंय की नोटीस पोस्टानं किंवा हातोहात द्यायची आणि तुम्ही टाकली व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग कोणी एकानं हरकत घेतली की प्रकरण लांबलंच. घटनेत ईमेल आणि ऑनलाइन मीटिंगची सोय नसेल तर शांततेच्या काळातच घटना दुरुस्ती करून घ्या, साथ आल्यावर ते जमत नाही.

९० दिवस उलटून गेले असतील तर सोबत उशीर माफीचा अर्ज द्यायचा, कारण नीट लिहून. कोविडमधले जुने बदल अजून राहिले असतील तर लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायिक आणि अर्धन्यायिक कामांच्या मुदतीतून वगळला होता, तुमच्या अर्जाला तो कितपत लागतो ते वकिलाला विचारून त्याचा उल्लेख करा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अजून एक सोय आहे, विश्वस्तांची नावं बदलण्याच्या अर्जावर १५ कामाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते आणि मग ३० दिवस हरकतींसाठी नोटीस निघते, हरकत आली नाही तर तीच मंजुरी कायम होते. हे अर्जात स्वतःहून मागा, न मागता मिळेल अशी आशा धरू नका.

बँक

बँकेला ठराव, नवीन लोकांचं केवायसी आणि चेंज रिपोर्टचा आदेश हवा असतो. आदेश यायचा असेल तर निदान पोचपावती द्या, काही शाखा तेवढ्यावर तात्पुरतं काम चालवतात, काही अजिबात ऐकत नाहीत. माझं मत विचाराल तर सह्यांचे अधिकार तिघांना द्यावेत आणि त्यातल्या कोणत्याही दोघांच्या चालाव्यात, आणि तिघीही एकाच कोविड वॉर्डात ड्युटीला असतील अशी निवड करू नये.

परदेशी देणगी

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी, असेल तर इथे जास्त सांभाळा. २९ सप्टेंबर २०२० पासून, म्हणजे ऐन साथीत, नियम बदलले: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, पदाधिकाऱ्यांचं आधार लागायला लागलं आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा असं ठरलं. ते खातं उघडायची मुदत ३१ मार्च २०२१ होती ती पुढे ३० जूनपर्यंत वाढवली, तोवर दुसरी लाट येऊन गेलेली. आता मुख्य पदाधिकारी बदलले की एफसी-६ई फॉर्म ४५ दिवसांत ऑनलाइन भरायचा, आधी हे १५ दिवसच होते. म्हणजे चेंज रिपोर्टचे ९० दिवस आणि हे ४५, दोन्ही घड्याळं वेगवेगळी चालतात, एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका.

सीएसआर

२३ मार्च २०२० ला कंपनी मंत्रालयानं कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चात) धरला आणि कंपन्या पैसे घेऊन उभ्या राहिल्या, पण १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घ्यायला संस्थेकडे सीएसआर-१ या फॉर्मवर मिळणारा नोंदणी नंबर असणं बंधनकारक झालं. त्यासाठी ट्रस्टला किंवा सोसायटीला साधारणपणे आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही पाहिजेत, शिवाय संस्थेचं पॅन, अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही आणि सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणीकरण. इथेही ती अधिकृत व्यक्ती जुनीच राहिली असेल तर पुन्हा तेच.

कर्ज

मे २०२१ मध्ये केंद्रानं ईसीएलजीएस ४.० ही सरकारी हमीच्या कर्जाची योजना काढली, हॉस्पिटलला जागेवर ऑक्सिजन प्लांट बसवायला २ कोटींपर्यंत शंभर टक्के हमीचं कर्ज, व्याज जास्तीत जास्त साडेसात टक्के. चांगली योजना होती. पण आपल्याकडे विश्वस्तांना कर्ज काढायला कलम ३६अ(३) खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, बँकेनं होकार दिला म्हणून काम झालं असं नाही. अर्जासोबत ठराव, बँकेचं मंजुरीपत्र, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि कर्ज कशातून फेडणार त्याचा साधा हिशोब जोडा. ऑडिट थकलेलं असेल तर आधी ते पूर्ण करा, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आणि ही कागदं फक्त संस्थेच्या पैशासाठी नाहीत. ३० मार्च २०२० पासूनच्या प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजच्या ५० लाखांच्या विम्यात, ड्युटीवर कोविडनं गेलेल्या नर्सच्या वारसाला पॉझिटिव्ह रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा यांच्याबरोबर ती जिथे काम करत होती त्या संस्थेचं कोविड ड्युटीचं प्रमाणपत्रही जोडावं लागायचं. त्यावर सही कोणाची चालणार, हा ठराव कार्यकारिणीनं आधीच करून ठेवलेला बरा.